एका यकृतविकाराची कैफियत

निजामाच्या अमलात गुलबर्गा हे सुभ्याचे ठिकाण होते आणि बिदर हा त्या सुभ्यातला एक जिल्हा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यरचना होऊन हे दोन्ही जिल्हे म्हैसूर राज्याकडे गेले, दफ्तर हैदराबादेहून बेंगळुरास हलले, सरकारी कागदाची भाषा बदलली. परंतु भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सरहद्दीवरील तालुक्यांत एखादे मूल असाध्य दुखण्याने अंथरुणास खिळले म्हणजे त्याच्या आईबापांपुढे पूर्वी जे मार्ग होते तेच पुढेही काही वर्षे राहिले, म्हणजे हैदराबाद, सोलापूर अथवा मिरज. 1963 साली गुलबर्ग्यास महादेवप्पा रामपुरे यांच्या नावाचे आणि सोलापुरास वैशंपायन यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि ज्यास इंग्रजी अमदानीत ‘पॅथॉलॉजी’ म्हणत त्या विकृतिशास्त्राचा स्वतंत्र विभाग, त्याची प्रयोगशाळा आणि काचेच्या बरण्यांत अवयव जतन करून ठेवणारे त्याचे संग्रहालय या मुलखाच्या आवाक्यात प्रथमच आले.

ज्या रोगाची ही हकीकत आहे तो या मुलखापुरता नव्हता. कलकत्त्यापासून मद्रासेपर्यंत आणि म्हैसुरापासून पुण्यापर्यंत तो आढळे, आणि हिंदुस्थानाबाहेर मात्र इतका दुर्मीळ, की पाश्चात्त्य ग्रंथकारांनी त्याच्या नावातच आपल्या देशाचे नाव गोवून टाकले. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असे ते नाव. घरोघरी मात्र ‘मुलाला लिव्हर झाले’ एवढेच म्हणत, आणि एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे कळे. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचे, बहुधा मुलगा, बरे दूध-दुभते असलेल्या घरातले मूल हळूहळू चिडखोर होई. बारीक ताप येई. पोट पुढे येई. उजव्या बरगडीखाली यकृताची कडा पानाच्या कडेसारखी पातळ आणि टणक लागे. मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत शेवट. एक मूल गेले की त्याच्या पाठचेही त्याच वयात त्याच रीतीने जाई, आणि अशा घराण्याला शाप आहे अशी वदंता गावात पसरे. तिचे दुःख मुलाच्या आईलाच अधिक भोगावे लागे, हे निराळे सांगावयास नको. यकृतावरील हमखास औषधांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून पिढ्यान्‌पिढ्या झळकत होत्या, त्याही या भयाच्या जोरावरच.

वैद्यकाच्या दप्तरी या रोगाचा पहिला दाखला 1887 सालचा, कलकत्त्याचा आहे. तेथील वैद्यकमंडळात सेन यांनी ‘इन्फंटाइल लिव्हर’ म्हणून त्याचे वर्णन केले, आणि 1891 साली गिबन्स या लष्करी वैद्यकसेवेतील डॉक्टराने मृत मुलांच्या यकृताचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. म्हणजे रोगाची ओळख आणि त्याच्या ऊतींची तपासणी ही दोन्ही जवळजवळ बरोबरच झाली. असे असूनही कारण सापडावयास नव्वदांहून अधिक वर्षे लागली. हा विलंब कशामुळे झाला ते समजण्यासाठी विकृतिशास्त्रज्ञ नेमके काय करतो हे थोडे तपशिलाने पाहणे जरूर आहे.

मुळात त्याच्या हाती पडणारा ऐवज फार थोडा असतो. आपल्याकडे लहान मुलाच्या शवविच्छेदनास आईबाप क्वचितच रुकार देत, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मी तरी करणार नाही. त्यामुळे जिवंत रुग्णाच्या बरगड्यांमधून पोकळ सुई घालून यकृताचा धाग्याएवढा तुकडा काढण्याची रीत रुळेपर्यंत पुरावा तुटपुंजाच राहिला. मेंघिनी या इटालियन वैद्याने 1958 साली क्षणार्धात काम उरकणारी जी सुई प्रचारात आणली तिने ही परीक्षा पुष्कळ सोपी केली. काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकतात, म्हणजे त्यातील पेशी सडण्याऐवजी जशाच्या तशा थिजतात; मग मद्यार्काच्या चढत्या तीव्रतेच्या द्रावांत बुडवून त्यातले पाणी काढतात, झायलीनने तो पारदर्शक करतात, वितळलेल्या पॅराफिन मेणात मुरवून त्याचा ठोकळा पाडतात आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याने त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे, काप काढतात. असा काप काचपट्टीवर घेतला तरी त्यात काहीच दिसत नाही, कारण ऊतीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. म्हणून रंजकद्रव्ये. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडातून निघणारे द्रव्य पेशींची केंद्रके निळी-जांभळी करते, इओसीन उरलेल्या भागास गुलाबी करते, आणि या दोन रंगांच्या आधारावर जगातील बहुतेक निदाने होतात. परंतु रंजक काय दाखवील हे त्याच्या रसायनावर अवलंबून असते. जे द्रव्य त्या रंगाला धरत नाही ते समोर असूनही दिसत नाही. आणि कोणता रंग लावावा हे ठरवण्यास मनात आधी काही संशय असावा लागतो.

नेहमीच्या रंगांत या मुलांच्या यकृताचे जे चित्र दिसे ते चमत्कारिक होते. पेशी फुगलेल्या, त्यांच्यात काचेसारखा गुलाबी पदार्थ पुंजक्यांनी साठलेला, अशा मरणोन्मुख पेशींभोवती श्वेतपेशींनी धरलेले कडे, आणि प्रत्येक पेशीला वेढणारे तंतूंचे जाळे. निरोगी यकृताचा काही भाग नष्ट झाला तर उरलेला वाढून त्याची भरपाई करतो, हे त्या अवयवाचे प्रसिद्ध सामर्थ्य; ते येथे जवळजवळ लुप्त झालेले असे. आता तो गुलाबी काचसदृश पदार्थ बॉस्टनच्या मॅलरीने 1911 साली वर्णिला होता, आणि तो दारुड्यांच्या यकृतात वर्णिला होता! ज्यांनी मद्याचा थेंब पाहिला नव्हता, ज्यांतील कित्येकांना पुरते दातही आले नव्हते, अशा बालकांच्या यकृतात अट्टल मद्यप्यांच्या यकृताची खूण सापडावी, एवढेच नव्हे तर मद्यप्यांच्या यकृतात हटकून दिसणारी चरबी मात्र येथे नसावी, हा प्रकार विलक्षण खरा. चाणाक्ष निरीक्षकांनी त्यावरून एवढे अनुमान केले की यकृताच्या पेशींना कसले तरी विष बाधत आहे. पण कोणते?

कारणांच्या शोधात जे तर्क लढवले गेले त्यांची यादी लांब आहे, आणि ती सगळी देण्यात स्वारस्य नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1955 साली या रोगाचा स्वतंत्र अहवाल काढला, इतके त्याचे महत्त्व होते. कोणी आनुवंशिकता धरली, कारण भावंडे एकामागून एक जात. कोणी विषाणू धरला, कारण काविळीचा विषाणू यकृतालाच लागतो. कोणी कुपोषण म्हटले, पण ही मुले उपाशी घरांतली नव्हती. त्यांतला एक तर्क मात्र आमच्या शेतीशी निगडित असल्यामुळे सांगतो. म्हैसुरास कुपोषित मुलांना भुईमुगाच्या पेंडीचे प्रथिनयुक्त पीठ देत, आणि ते बुरशी लागलेल्या दाण्यांचे निघाल्याने काही मुलांच्या यकृतास अपाय झाला. त्यावर अमला, श्रीनिवासमूर्ती, पार्पिया प्रभृतींनी 1971 साली निबंध लिहून अॅफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाकडे बोट दाखवले. निरीक्षण खरे होते. भुईमूग पिकवणाऱ्या गुलबर्गा-रायचूरकडच्या लोकांनी ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. परंतु ज्या असंख्य मुलांनी हे पीठ कधी खाल्ले नव्हते त्यांच्या रोगाचा उलगडा त्यातून होईना.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत रामलिंगस्वामी आणि नायक या विकृतिशास्त्रज्ञांनी या यकृतांचे जे बारकाईने वर्णन केले त्याने रोगाची व्याख्या पक्की झाली, आणि 1975 पर्यंत कथा येथवर येऊन थांबली होती. ती पुढे सरकली ती लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात, आणि तीही मूळ दुसऱ्याच कामासाठी यकृताच्या अभ्यासात आलेल्या एका रंगामुळे.

त्या रंगाचे नाव ऑर्सीन. दगडफूल ज्या शैवाकवर्गातले, त्याच वर्गातील एका जातीपासून तो निघतो. जपानी संशोधक शिकाता यांनी 1974 साली असे दाखवले की ब-काविळीच्या विषाणूचे आवरण ज्या पेशींत साठले असेल त्या पेशी ऑर्सीनने तपकिरी होतात. तेव्हापासून यकृताच्या कापावर तो लावण्याचा प्रघात पडला. याच रंगाने आणखीही एक पदार्थ रंगतो, आणि तो म्हणजे पेशीत तांबे साचले असता त्याच्याशी बांधले जाणारे गंधकयुक्त प्रथिन. पोर्टमन, टॅनर, मोवॅट व विल्यम्स यांनी भारतीय बालकांच्या यकृताचे काप ऑर्सीनने रंगवले, तेव्हा त्यांना पेशीपेशीत गडद तपकिरी, जाड कणांची गर्दी आढळली. 1978 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि दुसऱ्याच वर्षी प्रत्यक्ष धातूचे मोजमाप करून संशयाचे खात्रीत रूपांतर केले. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम शुष्क भागात तांब्याचे प्रमाण सुमारे 50 मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते कित्येक शेकडा, अनेकदा हजाराहूनही अधिक भरले. त्याच साली पॉपर, स्टर्नलीब प्रभृती अमेरिकन पंडितांनी नायक यांच्या सहकार्याने तांबे पेशीच्या कोणत्या भागात साठते आणि काय अपाय करते याचा विचार मांडला.

येथे जाणत्या वाचकास विल्सनचा रोग आठवेल. तोही तांब्याचाच, जन्मजात दोषामुळे यकृतास तांबे पित्तावाटे टाकता येत नाही, म्हणून ते साठते. पण तो सहसा पाच वर्षांच्या आत प्रकट होत नाही, त्यात रक्तातील सेरुलोप्लास्मिन हे ताम्रवाहक प्रथिन उतरते, आणि सुरुवातीस तांबे पेशीभर विखुरलेले असल्याने ऑर्सीनला ते सापडतही नाही. भारतीय बालकांत सेरुलोप्लास्मिन शाबूत होते आणि कण मात्र ढळढळीत. सारांश, एकाच धातूचे दोन निरनिराळे रोग, आणि त्यांतला भेद पाहणारास सूक्ष्म कणांच्या मांडणीवरून कळत होता. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत स्पृहणीय वाटतो.

आता प्रश्न उरला तो तांबे आले कोठून, आणि त्याचे उत्तर कोणत्याही काचपट्टीवर नव्हते. ते पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात, मुलांच्या आयांशी बोलताना मिळाले. आनंद पंडित व शीला भावे हे तेथील बालरोगतज्ज्ञ आणि लंडनहून आलेले स्टुअर्ट टॅनर यांनी मूल आईच्या अंगावर किती दिवस होते, वरचे दूध केव्हा सुरू झाले, ते कशात तापवले आणि कशात ठेवले, याची पद्धतशीर चौकशी आरंभली. आजारी मुलाच्या जोडीला त्याच वयाचे निरोगी मूल घेऊन दोघांच्या घरचा परिपाठ ताडून पाहण्यात आला. निष्कर्ष 1983 साली निघाला: रोगी मुलांच्या घरी गाई-म्हशीचे दूध लवकर चालू केलेले असे, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच साठवलेले असे.

कल्पना करण्याची काही गरज नाही. ज्या वाचकाचे बालपण 1970 पूर्वी बिदर-गुलबर्ग्याकडे अथवा पलीकडे उस्मानाबाद-लातुराकडे गेले असेल त्याच्या डोळ्यांसमोर ते स्वयंपाकघर आहेच. फळीवर चिंच आणि राखेने घासलेली पातेली, तपेली, लोट्या. दूध तापले की झाकण घालून त्याच भांड्यात शिंक्यावर. आणि मधूनमधून ‘कल्हईऽऽ’ अशी आरोळी देत, भाता, कथील व नवसागर घेऊन येणारा कारागीर. आतून कथलाचा थर असेपर्यंत पितळ दुधाला लागत नाही. पण तो थर झिजतो, घासण्याने लवकर झिजतो, कल्हई पैशांची असते आणि राख फुकटची. म्हणून उघडे पितळ दिसू लागल्यावरही चार-सहा महिने ढकलले जात. जस्तात थोडे तांबे मिसळून बिदरी करणारे बिदरचे कारागीर मिश्रधातूंचे मर्म पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पितळेत तांबेच अधिक आणि जस्त कमी असते, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही. आंबट पदार्थ पितळेत कळकतो हेही प्रत्येक गृहिणीला ठाऊक, आणि म्हणून ताक, आमटी कोणी त्यात ठेवीत नसे. दूध मात्र गोड. त्यास काय होणार, अशी समजूत.

ती समजूत नेमकी चुकीची होती. गाई-म्हशीच्या दुधात निसर्गतः तांबे अत्यल्प, आईच्या दुधाहूनही कमी. परंतु त्यातील केसीन हे प्रथिन तांब्यास घट्ट धरते, त्यामुळे पितळेच्या संसर्गात दूध तांबे अक्षरशः ओढून घेते. नुसत्या पाण्याने असे घडत नाही. ओनील व टॅनर यांनी 1989 साली हे प्रयोगाने दाखवले. त्यातच नवजात बालकाच्या यकृतात गर्भावस्थेतला ताम्रसंचय आधीच असतो, आणि पित्तावाटे तो बाहेर टाकण्याची क्षमता पहिल्या काही महिन्यांत पुरती आलेली नसते. ज्या वयात दरवाजा अर्धवट उघडा, त्याच वयात आवक वाढलेली. शिवाय या रोगाची नोंद मुसलमान कुटुंबांत कमी का, हा जुना पेचही यातून एका परीने सुटतो: त्यांच्याकडची देगची तांब्याची असे, आणि कल्हई केल्यावाचून ती चुलीवर चढत नसे. अर्थात एका घरात दूध तेच, भांडे तेच, आणि तरीही एक मूल आजारी पडते व दुसरे पडत नाही, यावरून काही जन्मजात दुर्बलता त्या मुलांत असावी, असेही बहुतेक तज्ज्ञ मानतात.

कारण कळल्यावर उपायाचे धैर्य आले. वॉल्शने 1956 साली विल्सनच्या रोगासाठी पेनिसिलॅमाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध आणले होते; पुण्यास तेच या मुलांना देण्यात आले. ज्या रोगातून जवळजवळ कोणीच वाचत नसे त्यातून, औषध कावीळ व जलोदर होण्यापूर्वी सुरू झाले असेल तर, मुले वाचू लागली. काहींच्या यकृताची पुढे काही वर्षांनी पुन्हा सुई घालून तपासणी केली तेव्हा काठिण्य ओसरलेले आढळले. ही बावडेकर, भावे, पंडित आदींची नोंद वाचताना, सिऱ्होसिस म्हणजे परतीची वाट नसलेले यकृत, ही पाठ्यपुस्तकातली जुनी व्याख्या किती घाईची होती हे जाणवते. पण खरा उपाय औषधाच्या बाटलीत नव्हता. भांडी बदला, आईचे दूध जास्त दिवस चालू ठेवा, हा उपदेश पसरला, आणि त्याहूनही जोरात बाजारातून स्टेनलेस स्टील पसरले. डॉक्टर उपदेश करीत होते, स्टील आपोआप विकले जात होते. श्रेयाची वाटणी कोणी कशीही करो, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुण्याच्या वॉर्डांतून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला, आणि आजच्या तरुण डॉक्टरांपैकी बहुतेकांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला आहे.

एक दूरचा दाखला येथे उपयोगी पडतो. ऑस्ट्रियाच्या टिरोल या डोंगराळ प्रांतात 1900 ते 1974 या काळात 138 बालके अगदी अशाच यकृतविकाराने दगावली होती. तेथेही गाईचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवण्याची चाल होती, आणि ती भांडी गेली तसा रोगही गेला. म्युलर आदींनी 1996 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, तेव्हा त्या रोगाच्या नावातले ‘इंडियन’ हे विशेषण निराधार ठरले. हा रोग जातीचा वा देशाचा नव्हता, भांड्यांचा होता.

सर्वांना हे पटले असे मात्र नाही. श्रीरामाचारी आणि नायक यांच्यासारख्या थोर भारतीय विकृतिशास्त्रज्ञांनी 2008 साली असा आक्षेप घेतला की तांबे हे मूळ कारण नसून आधीच बिघडलेल्या यकृतात ते मागाहून साठले असावे. पित्ताचा मार्ग अडल्यास तांबे साठते हे खरेच आहे, त्यामुळे आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु भांडे बदलल्यावर रोग हटला, आणि टिरोलातही हटला, या दोन घटनांना माझ्या मते त्या आक्षेपात पुरेसे उत्तर नाही. आणि काचपट्टीवरचा पुरावा व घरातला पुरावा यांत विसंगती नसताना दोन्ही एकत्र मानणेच सयुक्तिक होय.

अलीकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांची हौस पुन्हा वाढली आहे, सणासुदीला आणि लग्नाच्या आहेरात ती आवर्जून दिली जातात, आणि जुन्या पद्धतीचे कल्हईवाले तर बाजारपेठेच्या गावांतूनही दुर्मीळ झाले आहेत. तांब्यातले साधे पाणी मोठ्या माणसाने प्यावे की नाही हा निराळा विषय. परंतु घरात तान्हे मूल असेल तर त्याचे दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या अथवा तांब्याच्या भांड्यात तापवू नये आणि ठेवू तर मुळीच नये, एवढे या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या सुनाबाळींना त्यांच्या सासवांनी अवश्य सांगावे.